होपलेसलीचा आठवडा

वर्तकनगरात मोठ्या माणसांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवायचा म्हणजे किस्से जमवावे लागत नाहीत, ते चपला काढून आत येतात आणि पहिल्या बाकावर बसतात! बाकीचे सोडा, गेल्या महिन्यात एका शब्दाने माझा जो छळ केला तेवढाच सांगते.

आमच्याकडे नियम असा की सोमवारी फळ्यावर आठवड्याचा शब्द लिहायचा. प्रत्येकाने तो बाहेर, जिवंत माणसासमोर वापरायचा आणि येऊन सांगायचं. त्या सोमवारी मी लिहिला, 'होपलेसली'. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

•

अर्थ सांगितला. होप म्हणजे आशा, लेस म्हणजे नसलेली, ली म्हणजे तशा रीतीने. पार आशा सोडण्याइतकं. उदाहरण दिलं, "ते दोघं होपलेसली प्रेमात पडले."

मोबाइलच्या दुकानात काम करणारा ओंकार म्हणाला, "मॅम, आशाच नाही तर पडायचं कशाला?"

मागून जोशीकाका. डोंबिवलीची नोकरी संपवून आता इथे लेकीकडे राहतात. "पडल्यावर जाते रे ती. अनुभव आहे."

झालं! पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

•

काकांना व्युत्पत्तीशिवाय शब्द पचत नाही. "लॅटिन की ग्रीक?"

"काका, कुठूनही आणलेला नाही. जुन्या इंग्लिशमधलाच आहे. होपही त्यांचं, मागचं लेस आणि लीही त्यांचंच."

काकांनी चष्मा पुसला. "सगळं घरचं असून शेवटी निराशाच केली म्हणायची!"

•

मंगळवारी ओंकारने शब्द वापरला. गिऱ्हाइकाचा फोन हातात घेऊन ऐटीत म्हणाला, "सर, होपलेसली गेलाय." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. तिथे तोच फोन दहा मिनिटांत सुरू झाला.

मालकाचा मला फोन. "मॅडम, पुढच्या आठवड्यात पोराला जरा आशेचा शब्द द्या!"

•

काकांनी सोसायटीची मीटिंग गाठली. सेक्रेटरी म्हणाले, गळकी टाकी दिवाळीआधी दुरुस्त होईल. काका उठले, "होपलेसली!" म्हणाले आणि बसले.

इतिवृत्तात नोंद झाली, 'श्री. जोशी यांनी ठरावास इंग्रजीतून अनुमोदन दिले.'

•

आणि मंदाताई. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये पंधरा वर्षं लाद्या पुसतायत. गुडघे पार गेलेत. सुपरवायझरची जागा निघाली होती, ती मिळाली तर वाकणं सुटणार होतं. पण मुलाखत इंग्लिशमध्ये, आणि तीही त्याच शनिवारी.

आठवडाभर त्यांनी शब्द उच्चारला नाही. "मॅडम, तोंडावर मुलाखत आहे माझी. असलं अवलक्षणी काय बोलायला लावता?"

"अहो, नुसता शब्द आहे तो!" मी ओरडलेच.

"तुमचं काय जातंय? गुडघे माझे आहेत."

मला माझाच राग आला होता. मुलाखतीच्या आठवड्यात असला शब्द कोण निवडतं?

•

शनिवारी संध्याकाळी मंदाताई क्लासमध्ये आल्या आणि धपकन बसल्या. पाणी प्यायल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"साहेबांनी विचारलं, व्हाय यू? तुम्हालाच का घ्यायचं? पाठ केलेलं सगळं गेलं बघा डोक्यातून. नुसतं ते तुमचं फळ्यावरचं राहिलेलं."

"अहो, मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हटलं, सर, फिफ्टीन इयर्स आय क्लीन. एव्हरी डे यू पीपल मेक होपलेसली डर्टी. एव्हरी मॉर्निंग आय कम. अगेन क्लीन."

वर्गात कुणी हसलं नाही. ओंकारसुद्धा नाही.

"साहेब काय म्हणाले?"

"आधी त्यांनी बूट खुर्चीखाली घेतले. मग माझ्या सुपरवायझरच्या कागदावर सही केली."