हिल्केचे दोन आकडे

हिल्के एनन आमच्या गावात शाळेची बस चालवते. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत, पण पायांना स्वस्थता म्हणून नाही. पोरं चढेपर्यंतसुद्धा तिची बोटं स्टेअरिंगवर वाजत असतात. अशी बाई तासभर दुर्बिणीला डोळा लावून बसते हे कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण आमच्या आकाशमंडळात वीस वर्षांत तिच्याइतकं नेमानं कुणीच आलेलं नाही.

मंडळ म्हणजे सात डोकी. म्होरके टामे फोकन, पूर्वी औषधांचं दुकान चालवायचे. वय पंच्याहत्तर, जीभ तिखट. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावरच्या एकेका विवरावरून कधी सरकते, ती वेळ आम्ही सेकंदांत टिपतो आणि हौशी निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवतो. सहा वर्षांपूर्वीच्या ग्रहणात हिल्केचे आकडे सगळ्यांत नेमके ठरले. संस्थेच्या पत्रिकेत तिचं नाव आलं. टामेंनी ते पान कापून मंडळाच्या खोलीत लावलं आणि येईल त्याला दाखवलं, "ही आमची बसवाली!" हिल्के त्या पानाकडे बघायची नाही. आम्हाला वाटायचं, लाजते.

परवाच्या सप्टेंबरात खग्रास ग्रहण होतं आणि चंद्र उगवणारच होता ग्रासलेला. आम्ही रविवारी संध्याकाळी समुद्राच्या बांधावर जमलो, मेंढरांच्या लेंड्या चुकवत दुर्बिणींच्या तिकाटण्या मांडल्या आणि पूर्वेच्या शेतांकडे तोंड करून उभे राहिलो. आठ वाजून गेले. क्षितिजावर धुरकट पट्टा होता, त्यात काहीच दिसेना. हिल्केनं दुर्बीण आधी पन्नास पावलं उत्तरेला नेली, मग परत आणली.

"अगं, चंद्र काय थांब्यावर उभा आहे?" टामे म्हणाले. "तू पुढेमागे केलंस म्हणून लवकर चढायचा नाही तो."

"झाडं आड येतायत हो."

"झाडं मैलभर लांब आहेत. चहा घे."

तिनं चहा घेतला, दोन घोट पिऊन गवतात ओतला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "तो बघा, लाल!" सगळे वळलो, तर तो पवनचक्कीवरचा दिवा. टामे मनापासून हसले. हिल्के हसली नाही.

पावणेनऊच्या सुमारास तो सापडला. विटेच्या भुकटीसारखा, इतका मंद की नजर हलवली की हरवायचा. आठ बावन्नला खालच्या डाव्या कडेला उजेडाची चिरी फुटली आणि काम सुरू झालं. हिल्के डोळा न काढता विवराचं नाव सांगणार, टामे लाल टॉर्चच्या उजेडात घड्याळ बघून लिहिणार, असं ठरलेलं होतं.

"ग्रिमाल्डी... आता. नाही, थांबा. आता!"

"कुठला 'आता' लिहू?"

"दुसरा."

सावलीची कड ओल्या कागदावरच्या शाईसारखी पसरट असते, ती नेमकी कुठं संपते हे ठरवता येत नाही. हिल्के एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. केप्लर मिळाला. मग धुरक्याचा पट्टा चंद्रावरून सरकला आणि तो निघून गेला तेव्हा कोपर्निकस सावलीतून बाहेर येऊन लखलखत होता.

"कोपर्निकस?" टामेंनी विचारलं.

"नाही मिळाला."

"असं कसं? गेल्या वेळी तर तुझा कोपर्निकस सगळ्यांत—"

"गेल्या वेळीही नव्हता मिळाला." तिनं डोळा दुर्बिणीवरून काढला नव्हता. "हात गारठले म्हणून गाडीत जाऊन बसले होते मी. कोपर्निकस आणि टायको, दोन्ही हुकले. पंचांगात आधीच दिलेली वेळ बघितली, दोन-तीन सेकंद इकडेतिकडे केले आणि लिहिले."

टामेंचा टॉर्च वहीवर तसाच होता. मग ते म्हणाले, "पुढचा बघ. टायको येईल आता." आवाज अगदी कोरडा होता. शेवटच्या विवरापर्यंत त्यांनी एकेक आकडा लिहून घेतला, वही तिच्या हातात दिली आणि तिकाटणी खांद्यावर टाकली.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी ते पान लोकांना दाखवतोय, हिल्के. मला मूर्ख बनवलंस तू."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं, तर तोंडाला काय कुलूप होतं?"

तिनं वही मिटली. ते बांध उतरून गेले. मी तिला म्हणालो, दोन आकड्यांनी कुणाचं काय बिघडलं? ती माझ्यावरच उखडली. "बिघडलं नाही म्हणूनच तर सहा वर्षं झोप नाही मला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बस लावून तिनं संस्थेला पत्र लिहिलं. जुने दोन आकडे रद्द करा, सोबत या ग्रहणाचे नवे जोडलेत, त्यांत पंचांगापासून चाळीस-चाळीस सेकंदांचा फरक आहे, पण बदलू नका. चार ओळींचं उत्तर आलं: आकडे वगळले, दुरुस्ती छापू. खोलीतलं पान कुणीतरी काढलं होतं, भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

टामे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र दर गुरुवारी मंडळाच्या बैठकीला येऊन त्यांच्यासमोरच बसायची आणि खुर्ची करकर वाजवायची. ऑक्टोबरात एका संध्याकाळी तिला त्यांचा फोन आला.

"मोतीबिंदू काढायचाय मंगळवारी. मला गाडी चालवता येणार नाही. सोडशील का?"

"किती वाजता?"

"सातला. वेळेवर ये."

ती पावणेसातला त्यांच्या दारात होती. अर्धा रस्ता झाला. मग टामे म्हणाले, "दोनच होते ना?"

"दोनच."

"नक्की?"

"नक्की."

ते खिडकीबाहेर बघू लागले. हिल्के मला नंतर सांगत होती, "मला रागच आला, रे. पण ते उद्याही विचारतील, पुढच्या वर्षीही विचारतील. आणि मला दर वेळी सांगावं लागणार." बोलताना ती माझ्या स्वयंपाकघरात खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.