वन्संच्या गाडीचं मिसिंग

माणसाला दिवसातून कितीही वेळा धक्का बसला तरी तो जिवंत राहू शकतो, हे मला आमच्या वन्संमुळे कळलं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय अठ्ठेचाळीस, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, लग्न केलेलं नाही. वडील गेल्यावर धाकट्या भावाला घेऊन त्या रत्नागिरीहून भाईंदरला आल्या, त्याला शिकवलं, नोकरीला लावलं आणि बोहल्यावरही चढवलं. हे सगळं ऐकून मी लग्नाआधी मनात एक शांत, सोशिक, फिक्या साडीतली मूर्ती उभी केली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मूर्ती गाऊनवर भावाचा जुना शर्ट चढवून स्वयंपाकघरात फतकल मारून बसलेली दिसली. मांडीवर मिक्सर होता आणि मिक्सरच्या पोटातलं सगळं फरशीवर मांडलेलं होतं. "चहा घे," मला म्हणाल्या, "आणि त्या स्क्रूवर पाय देऊ नकोस."

त्याच आठवड्यात मी मसाल्याच्या डब्यातली मोहरी फोडणीत टाकली. तडतडेना. वाकून बघते तर तेलात बेअरिंगचे बारीक छर्रे! मी किंचाळले. वन्सं धावत आल्या, पळीने एक छर्रा उचलून उजेडात धरला आणि समाधानाने म्हणाल्या, "बघ, डागसुद्धा पडला नाही. माल चांगला आहे." कोणाकडे सांत्वनाला गेल्या तरी त्यांचं लक्ष आधी पंख्याकडे. एकदा शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा गेले. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि ह्या एकट्याच वर बघतायत. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कपॅसिटर गेलाय ह्याचा." मला वाटलं, आता आपल्याला घालवून देणार. पण आजोबांच्या मुलाने डोळे पुसत स्टूल आणून दिलं. "बदलावं लागेल" हे दोन शब्द मात्र त्यांना सहन व्हायचे नाहीत. दाताच्या डॉक्टरांनी दात काढू म्हटलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले. तो दात अजून तोंडात आहे.

त्यांची जुनी चारचाकी एके दिवशी आचके द्यायला लागली. उभी असली तरी हिवताप भरल्यासारखी थरथरायची. "मिसिंग मारतेय," वन्सं म्हणाल्या, "एखादा प्लग पेटत नसणार." गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकावल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "इंजिन खोलना पड़ेगा, मॅडम." वन्सं ताडकन गाडी घेऊन परतल्या. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडलं, हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी जन्मात कधी तिथे बसले नव्हते. "तू फक्त पाय हलवू नकोस," एवढंच माझं शिक्षण.

प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते, ती प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवते, हे त्यांनी मला बॉनेटपलीकडून ओरडून सांगितलं. मग चालू इंजिनात त्या एकेका कॉइलचा कनेक्टर सोडवायला लागल्या. पहिला काढला, गाडी आणखी थरथरली. "ही ठीक." परत लावला. दुसरा काढला, तसंच. तिसरा काढला, तर काही फरकच नाही. "हीच!" वन्सं ओरडल्या, "ही काम करतच नव्हती!" पुन्हा खात्री करायला त्यांनी तो कनेक्टर जोडला, तेवढ्यात हे खाली आले.

"ताई, अख्खी सोसायटी बघतेय! काय चाललंय?"

"तिसरी गेलीय."

"ही का?" म्हणून ह्यांनी बोट लावलं आणि "आई गं!" करून मागे उडाले ते थेट वॉचमनच्या खुर्चीत बसले.

"बघ! तडा गेलाय, वीज बाहेर फुटतेय," वन्सं आनंदाने म्हणाल्या. "लागलं का रे, बाळ्या?" हे नंतर.

पण तशी कॉइल भाईंदरमध्ये मिळेना. ती गाडी बनायचीच बंद झाली होती. शेवटी गॅरेजवाल्यानेच सांगितलं की भाईंदरजवळच्या डोंगरी गावात एकाकडे तसलीच गाडी वर्षानुवर्षं उभी आहे. आम्ही दोघी बसने गेलो. चिंचेखाली ती गाडी होती आणि शेजारी वांग्यांना पाणी घालणारे तिचे मालक: बोटीच्या इंजिनरूममधून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकटे. गळ्यात क्रूस, मिशा पांढऱ्या.

"कॉइल हाय," ते म्हणाले. "गाडी तीन वरसं मेलेली हाय. काय पायजे ते काडून न्या."

वन्संनी बॉनेट उघडलं आणि तिथेच थांबल्या. "मेलेली नाहीये हो. उंदरांनी वायर खाल्लीय." मग काय! घरातून वायर आली, टेप आली, शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी आली. दोन तासांनी ती गाडी खोकत खोकत सुरू झाली आणि त्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"आता कॉइल कशी देऊ, बाय? ही तं जिती झाली!"

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मला हसावं की रडावं कळेना, आणि वन्सं मात्र बसमध्ये गुणगुणत होत्या.

पुढच्या रविवारी ते त्याच गाडीतून आमच्या दारात हजर. बोटीवरच्या एका मित्राकडून कॉइल मिळवून आणली होती. एक बोल्ट, एक कनेक्टर, काम पाच मिनिटांचं. दोघांनी मिळून दीड तास लावला. आमची गाडी देवघरातल्या समईसारखी स्थिर झाली. त्यांची मात्र त्यानंतर दर रविवारी मिसिंग मारायला लागली, तीही नेमकी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी.

"एवढी कशी हो बिघडते त्यांची गाडी?" मी एकदा विचारलं. वन्सं ओट्याशी हात धूत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कनेक्टर आपोआप सुटत नाही गं. खटका दाबून ओढावा लागतो." त्यांचे कान लाल झाले होते.

महिनाभराने वन्संनी जेवताना सांगितलं, लग्न करतेय. ह्यांचा घास हातातच राहिला. "ताई, तुझं वय काय, त्यांचा धर्म काय! मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "आणि मी थांबले असते रे. सवयच आहे मला."

हे अकरा दिवस ताईशी बोलले नाहीत. त्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला तो तेव्हा, आणि माझाच मला धक्का बसला. "सगळं आयुष्य तुम्हाला दिलं त्यांनी. उरलंय तेवढं तरी त्यांचं त्यांना द्या!" हे उठून गॅलरीत गेले.

लग्न ठाण्याला, नोंदणी करून. सकाळी मी आणि वन्सं दोघीच निघालो. हे आमच्या आधीच बाहेर पडले होते, कुठे ते सांगितलं नव्हतं. कचेरीच्या पायऱ्यांवर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. माझ्यानंतर साक्षीदार म्हणून ह्यांनी दोनदा चुकीच्या रकान्यात सही केली, तेव्हा कारकुनाने, "ह्यांच्याऐवजी दुसरा साक्षीदार आहे का?" असं विचारलं. "नाही," हे म्हणाले, "मीच."

दुपारी वन्सं निघाल्या. भाईंदरहून डोंगरी ती केवढीशी लांब! तरी हे गाडीच्या खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "ताई, पोचलीस की फोन कर." असं ह्यांनी ताईला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या कुठेही गेल्या तरी संध्याकाळी घरीच परतायच्या.

संध्याकाळच्या आत फोन आला. मी उठायच्या आधी ह्यांनी उचलला. "बरं," एवढंच म्हणाले. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, पण ह्यांनी रिसीव्हर कानापासून काढला नाही.