आज कुणाची गादी उसवली?

आज मी नीट श्वास घेते ती चाचांमुळे, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागून. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे लिहिताना धाकधूक होते. चुकलं तर सांभाळून घ्या.

पाटोद्यातल्या गाद्यांच्या दुकानात चाचा कापूस पिंजायचे. कुठलीही गोष्ट ते आधी कानानं बघायचे. मशीन चालू केलं की डोळे मिटून मान तिरकी. "पट्टा ढिल्ला हाय," म्हणायचे, आणि तो असायचाच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल.

नवऱ्याच्या रस्त्याच्या कामापायी मी कोकणातून इकडे आलेली. दुकानात खोळी शिवायची, जुन्या गाद्या उसवायची. दुपारी उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू सावकाश तरंगायचे, पाण्यात असल्यासारखे. बघता बघता गुंगी यायची. मग छाती आवळायची.

मी ते लपवायची. नवरा म्हणाला होता, "असंच राहिलं तर तुला गावी सोडतो." आणि आम्ही दोघांनी आपला असा संसार इथंच तर पहिल्यांदा मांडला होता. केळं सोडलं, दही सोडलं, गार पाणी सोडलं. दम काही मला सोडेना.

एकदा माझ्यामागून जाता जाता चाचा थांबले.

"बेटी, कावून लपवती? छातीत शिट्टी वाजाया लागली."

"इकडची हवा सोसत नाही, चाचा."

"हवेला कावून बदनाम करती? आज कुणाची गादी उसवली?"

मग रोज तोच प्रश्न. लग्नाची नवी गादी असली की मी बरी. कुणाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली गादी उसवली की संध्याकाळपर्यंत बेजार.

"नवा कापूस कोरा असतो," चाचा म्हणायचे. "जुन्यात सगळं खानदान झोपून गेलेलं. त्याची धूळ लई वाईट."

तरी मी दवाखान्यात जाईना. एका दुपारी जुनी गादी उसवताना श्वास अडकलाच. चाचांनी हाताला धरून मला बाहेर लिंबाखाली बसवलं, पुढं वाकवलं आणि रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, धुळीचाच दमा आहे. त्यांनी पंप दिला.

"याची सवय लागते म्हणतात," मी घाबरत म्हटलं.

डॉक्टरांच्या आधी चाचाच बोलले, "चष्म्याची सवय लागंल म्हणून मी आंधळा फिरू का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगून टाकलं, "जुन्या गाद्या मी उसवणार. बाई नुसत्या खोळी शिवंल."

"तुमीच खोकता की, चाचा!"

"माझं काय, मालक. माझी फुफ्फुसं कवाच पिंजून झाली."

परसात, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला ओलं फडकं बांधून ते उसवत बसायचे. भोवती करडं धुकं, त्यात त्यांची पांढरी टोपी दिसायची, विरायची, परत दिसायची. मी आत शिवत असायची. नवरा मला गावी सोडायचं विसरून गेला. चाचांचा खोकला मात्र वाढला.

आता ते परळीला लेकीकडे असतात. वीजकेंद्राची राख येते म्हणून तिथं खिडक्या लावून घेतात म्हणे. परवा फोनवर दोन वाक्यांतच थांबले. मग नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

चाचा, मी हे फेडीन. एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन. पावसाळ्यात नाही, तेव्हा भिंतींना बुरशी धरते, तुमच्या-माझ्या छातीला ती चालायची नाही. थंडी सरली की जाऊ. ओहोटीला ओल्या वाळूवरून हळूहळू चालू. तिथं धूळ उडत नाही. दम लागला तर थांबू. घाई कुणालाच नसेल.