पुनावळ्याच्या थांब्यावरचं हळदीकुंकू

माझ्या शुद्धलेखनाला कुणी हसू नये. चौथीनंतर हातात पेन आलं ते थेट कंपनीत सही करताना, त्यामुळे अक्षर पाय घसरल्यासारखं ओळीखाली जातं. हे वाचणारं कुणी नाही, तरी चुकांची माफी आधीच मागते, कारण आज मला इतका आनंद झालाय की मी भराभर लिहिणार आहे.

मी हिंजवडीच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला आहे. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना न्यायला सोसायटीच्या दारात गाडी येते. आम्ही ठेकेदाराकडं कामाला असलेल्या बायका, आम्हाला गाडी नाही. पुनावळ्यातून सकाळची पहिली बस मिळाली तरच वेळेवर पोचता येतं, नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. आणि ती बस थंडीच्या सुरुवातीपासून आमच्यासाठी थांबतच नव्हती. दिवे दिसले की आम्ही पळायचो, तोवर ती धूळ उडवून पुढं गेलेली असायची. मग रिक्षा करायची. पगार त्या रिक्षातच जायला लागला.

रिक्षासाठी मी पिंपळे गुरवच्या थोरल्या जाऊबाईंकडून दोनतीनदा पैसे उसने घेतले. एकदा त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या धाकट्या बाई रिक्षाशिवाय हिंडत नाहीत हो!" मी मान वर केली नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "सोड ती नोकरी. रिक्षावाल्यासाठी कमावतेस का?" तो चूक बोलत नव्हता. पण माझ्या नावाचा पगार माझ्या खात्यात येतो, ते सोडायला माझं मन तयार होईना.

माझ्यासोबत बीडकडची एक बाई बसला असते, तोंडानं फटकळ. संक्रांत झाल्यावर ती म्हणाली, "तक्रारी करून तोंड दुखलं. आता हळदीकुंकू करू."

"कुणाचं?"

"त्या बसमधल्या कंडक्टरबाईचं. तिळगूळ खाल्ल्यावर कशी न थांबता जाते, बघतेच मी!"

आम्ही हसून हसून बेजार झालो, पण ठरलं ते ठरलं. रोज आम्ही एका चहाच्या टपरीपाशी उभ्या राहायचो. टपरीवाले काका मूळचे पुनावळ्याचेच. त्यांनी घरातली लग्नातली दिव्यांची माळ आणून बाहेर टांगली. आम्ही युनिफॉर्मवर शाली घेतल्या, गजरे माळले. आमच्यातली एक नवरा वारलेली बाई मागं सरकायला लागली, तर बीडवाली तिला म्हणाली, "बसचं तिकीट तुला काय कमी लागतं? ये पुढं!" आणि पहिलं कुंकू तिलाच लावलं.

बस आली, वेग कमी झाला आणि चक्क आमच्यासमोर थांबली. दारातून कंडक्टरबाई वाकून म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्या जणी! लग्न आहे का कुणाचं?"

"तुमचंच हळदीकुंकू आहे. उतरा!" बीडवाली म्हणाली.

ड्रायव्हर ओरडले, "अहो मॅडम, टायमिंग!"

"थांब रे दादा, बसमध्ये मला आजवर कुणी कुंकू लावलेलं नाही," म्हणत त्या उतरल्या. तिळगूळ तोंडात टाकून विचारायला लागल्या, "पण तुम्ही रोज असता कुठं? थांब्यावर तर एक माणूस दिसत नाही."

"इथंच की!"

"मी तर खांबाकडं बघतो," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाले. "तिथं कुणी नसलं तर कुणासाठी थांबू?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. थांब्याचा खांब बराच मागं, मिट्ट काळोखात होता. आणि मी, चारचौघांत पाणीसुद्धा न मागणारी, बोलून गेले, "दादा, थंडीच्या तोंडावर रस्ता रुंद केला तेव्हा तिथला दिवा काढला. अंधारात ट्रकवाले अंगावर लाइट मारतात, नको ते बोलतात. म्हणून आम्ही इथं उजेडात थांबतो. खांब उजेडात आणा, आम्ही खांबापाशी येतो." बोलण्याच्या नादात हातातल्या ताटलीतलं कुंकू शालीवर सांडलं.

ड्रायव्हर खांबाकडं बघत म्हणाले, "मी उद्यापासून इथंच थांबेन. पण माझा रूट बदलला तर? अर्ज करा."

"डेपोत मी घेऊन जाते," कंडक्टरबाई म्हणाल्या. "बोलायचं मात्र यांनी." त्यांनी बोट माझ्याकडं केलं.

मी आधी नको नको म्हणाले. पण गेले. साहेबांना सगळं सांगितलं, फक्त टेबलाकडं बघून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. आधी एक माणूस पहाटे येऊन आम्ही कुठं उभ्या राहतो ते पाहून गेला. मग बरेच दिवस काहीच नाही, पण बस मात्र रोज थांबत होती. आणि एका सकाळी खांब टपरीशेजारी! त्याच्यावर पांढरा दिवा, खाली बाकडं. टपरीवाले काका म्हणाले, "व्हय, आला की माझ्या दारात! आता चहा बी खपंल." एक आजी काठी टेकत येऊन बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, आता मीसुद्धा बसनं दवाखान्यात जाईन. मला तर नाचावंसं वाटत होतं.

महिन्याचा पास काढला, रिक्षा बंद झाली. दर पगाराला थोडे थोडे करून मी जाऊबाईंचे पैसे देत गेले. आज शेवटचे दिले. त्यांनी बोटाला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "फिटले गं सगळे."