बाळाराममामाची अट

माझ्या मामेबहिणीचा, वैशालीचा, फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. फोन शिक्षकखोलीत राहिला होता, तो सारखा वाजतोय म्हणून एक सहकारी वर्गाच्या दारापर्यंत घेऊन आल्या. "ताई, पप्पा गेले," एवढंच वैशाली म्हणाली. सकाळी साजगावच्या शेडमध्ये वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत बसला होता माझा मामा, तसाच खुर्चीत मागे टेकला... खोपोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलांना मी काय सांगून बाहेर पडले ते आठवत नाही. घरी जाऊन बाबांना कसं सांगायचं, हेच डोक्यात होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या माहेरचं बाबांना उरलेलं माणूस म्हणजे बाळाराममामाच. बाबा ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग परत सुपात ठेवली आणि म्हणाले, "मी थोरला हाय ना गं त्याच्यापेक्षा. माझ्याआधी जायचं त्याला काय काम होतं?" मग आत जाऊन लग्नकार्याला घालतात तो पांढरा सदरा घालून आले आणि आम्ही खोपोलीला निघालो.

त्याला आता महिना होऊन गेला. लिहायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की रडू येईल. पण खरं सांगते, मामाबद्दल लिहायला बसलं की मान ताठ होते. माझा मामा काही मोठा कारखानदार नव्हता. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट बनवली, ओझं वर चढवणारा पट्टा. लोखंडी सांगाडा, खाली चार चाकं, वर रोलरवरून फिरणारा लांबच लांब रबरी पट्टा आणि एक मोटर. खालच्या टोकाला पोतं ठेवायचं, ते चढत चढत ट्रकच्या तोंडाशी जातं, तिथे उभा असलेला माणूस उचलून थप्पीला लावतो. याला कन्व्हेयर म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घरात तो 'मामाचा पट्टा'च होता, आणि आजही शाळेत साधी यंत्रं शिकवताना उतरणीचा धडा आला की पुस्तकातली आकृती बाजूला ठेवून मी फळ्यावर मामाचाच पट्टा काढते.

खोपोलीच्या एका कारखान्यात तो फिटर होता. तिथले माल वाहणारे पट्टे दुरुस्त करता करता त्याने ती विद्या उचलली, आणि कारखाना बंद पडल्यावर साजगावला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. कुणी काही उचलताना दिसलं की मामाचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. समोरच्याची कंबर कुठे वाकते, गुडघा कुठे थरथरतो, हेच तो बघत राहायचा. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामा जागेवर नाही. शोधाशोध झाली, तर हे महाशय मांडवामागे टेंपोतून भाताचे टोप उतरवणाऱ्या वाढप्यांना ओझं अंगाजवळ कसं धरायचं ते शिकवत होते. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना मामीने त्याला दंडाला धरून आणला. अक्षता टाकतानाही नजर मांडवामागेच होती.

पण ज्या पट्ट्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, तो त्याने माझ्याच बाबांसाठी बनवला होता. बाबांनी तो नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ते पुढे सांगते.

बाबा कर्जतजवळच्या एका भातगिरणीत हमालांच्या टोळीचे मुकादम होते. टोळी नऊ जणांची. गिरणीतून निघालेला तांदूळ पाठीवर घ्यायचा, फळीवरून चढत ट्रकमध्ये जायचं आणि थप्पी लावून उतरायचं, दिवसभर हेच. बाबांना या कामाचा भारी गर्व. आमच्या टोळीने लावलेली थप्पी कधी ढळली नाही, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यांच्या पाठीत काय चाललं होतं हे मात्र कुणालाच सांगायचे नाहीत, आईलासुद्धा नाही. एका वर्षी भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला. ओवाळायला पाट मांडायचा म्हणून बाबा वाकले आणि तसेच राहिले. उठताच येईना. मग जमिनीवर काहीतरी पडलंय असं दाखवत हाताने चाचपत बसले, आणि बऱ्याच वेळाने भिंतीला धरून उभे राहिले. "सुपारी पडली होती," म्हणाले. मी दहावीत होते, मला ते खरंच वाटलं. मामा बाबांच्या कंबरेकडे बघत राहिला. ओवाळून घेतलं, करंज्या खाल्ल्या, आईच्या पाया पडला आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेला.

दोन महिन्यांनी गिरणीचे शेठ टोळीला म्हणाले, "तुमचं मशीन तयार होतंय." कुणी बनवलं, तर मुकादमाच्या मेहुण्याने. बाबा घरी आले ते पायातली चप्पलही न काढता. "माझ्या घरात जेवतो आन् माझ्याच माणसांच्या पोटावर पाय देतो," आईसमोर एवढं बोलून ते परसात जाऊन बसले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. नऊ घरं होती. मशीन आलं की चार माणसं पुरतील, हे शेठ आधीच कुणाकडे तरी बोलून गेले होते. पुढच्या रविवारी मामा आला तेव्हा बाबांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला उलट उत्तर द्यायची रीत नाही. मामा मान खाली घालून सगळं ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "भावोजी, तुमी म्हनता ते बरोबर हाय. मी बघतो."

आणि त्याने खरंच बघितलं. तो शेठकडे गेला. हे मला पुढे शेठनीच हसत हसत सांगितलं. मामा म्हणाला, "शेठ, मशीन देतो, पन एक अट हाय. टोळीतला एकबी मानूस कमी करायचा नाय. तसं मला कागदावर लिहून द्या." शेठ म्हणाले, "बाळाराम, तू मशीन विकतोस का माझी गिरणी चालवतोस?" मामा म्हणाला, "चार मानसं ठेवली तर तुमी एकच गाडी भराल. नऊ असली तर खाली पाच, वर चार, आन् एक भरली की लगेच दुसरी. हंगामात गाड्या दारात उभ्या असतात का नाय?" शेठ ऐकेनात. तेव्हा मामा उठला, "मग ऱ्हाऊ द्या, मशीन माझ्या शेडमधीच बरं," म्हणाला आणि फाटकापर्यंत गेला. शेठनी त्याला तिथून परत बोलावलं. कागद लिहिला गेला. तो कागद त्याने बाबांना दाखवला नाही. दाखवला असता तर भांडण तिथेच मिटलं असतं, पण मामाचा स्वभावच तसा... आपण बरोबर होतो हे दाखवायची त्याला कधी हौस नव्हती.

पट्टा गिरणीत आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण मी शाळा बुडवून गेले होते. टोळी एका बाजूला हाताची घडी घालून उभी. बाबा सगळ्यात मागे, पाठ फिरवून. मामाने मोटर चालू केली, पहिलं पोतं ठेवलं. पोतं अर्ध्यावर गेलं, तिथे क्षणभर थबकलं आणि सरळ घसरत खाली आलं. दुसरं ठेवलं, तेही आलं. तिसरं तर मामाच्या पोटरीवरच येऊन आदळलं. टोळी हसायला लागली. मामाचा चेहरा असा काही पडला की मला हसू आणि रडू दोन्ही यायला लागलं. चूक काय झाली होती ते सांगते. शेडमध्ये त्याने महिनाभर पट्टा चालवून बघितला होता तो स्वतःच्या घरच्या भाताच्या पोत्यांवर. आमच्याकडे घरचं भात वर्षानुवर्षं गोणपाटाच्या पोत्यांतच राहतं, जुनी पोती शिवून शिवून वापरतात. गिरणीतला तांदूळ मात्र केव्हाचाच गुळगुळीत प्लास्टिकच्या पिशव्यांतून जायला लागला होता. पोतं म्हटलं की मामाच्या डोळ्यांपुढे घरचं गोणपाटच आलं. जन्मभर शेतकऱ्याच्या घरात राहिलेल्या माणसाखेरीज दुसरा कुणी ही चूक करणार नाही.

मामाने मोटर बंद केली. सगळ्यांदेखत तो बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजी, माझं चुकलं. ह्या पिशव्या तुमी पाठीवर कशा धरता ते सांगा. मला नाय कळत." बाबा वळले. "गोणपाट पाठीला धरून बसतं रं," ते म्हणाले, "ह्ये घसरतं. म्हनून आमी खांद्यावर फडकं टाकतो, ते बी ओलं. कोरडं फडकं काय कामाचं नाय." एवढं बोलून ते पुन्हा पाठमोरे झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न सांगता साजगावला गेले. आठ दिवस रोज गेले. काय केलं तिथे, तर मामा वेगवेगळे पट्टे आणायचा आणि बाबा तळव्याने चोळून सांगायचे, हा नको, हा चालेल. शेवटी वर आडव्या खरखरीत रेघा असलेला पट्टा ठरला. बाबांनीच त्याला सांगितलं की ट्रक भरत जातो तसा खाली बसतो, तेव्हा पट्ट्याचं वरचं टोक काम चालू असतानाच खाली घेता आलं पाहिजे, नाहीतर शेवटची पोती वरच्या माणसाच्या छातीवर येतील. फिटर असून हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, असं मामा नंतर कितीतरी वर्षं सांगत सुटला होता. कागदाची गोष्ट बाबांना त्याच आठ दिवसांत कधीतरी शेडमधल्या टेबलाच्या खणात सापडली. त्यावर त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मात्र बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "तुझा भाऊ येडा हाय गं... पन मानूस हाय."

पट्टा बसला. टोळी नऊची नऊच राहिली आणि एकेक जण आपापल्या वयाने निवृत्त झाला. बाबा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, रोज सकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतात. याबद्दल मी मामाचे आभार कधी मानले नाहीत. आमच्यात मानत नाहीत. आता वाटतं, एकदा मानायला हवे होते.

त्यानंतर मामाने दोन गोष्टी कायमच्या धरल्या. कुठेही पट्टा बसवायचा असला की मालकाशी बोलण्याआधी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाशेजारी जाऊन बसायचं आणि त्याला विचारायचं. आणि दुसरी ती अट. पट्टा न्या, पण माणसं कमी करायची नाहीत, लेखी द्या. विटांच्या भट्ट्या, खताची गोदामं, सिमेंटचे व्यापारी, सगळ्यांना तेच. किती जण अट ऐकून निघून गेले! मामी चिडायची. खरं तर मीही चिडले होते एकदा. वैशालीचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, शेडमध्ये काम नव्हतं, आणि आलेलं चांगलं गिऱ्हाईक मामाने परत पाठवलं होतं. मी म्हटलं, "मामा, तू यंत्र विकतोस का अटी विकतोस?" तो पट्ट्याखाली आडवा झाला होता, तिथूनच म्हणाला, "दोनी एकदमच विकतो गं. सुट्टं देत नाय." मला तेव्हा फार राग आला. आज कुणी मामाबद्दल विचारलं तर सगळ्यात आधी मी हेच सांगते, आणि सांगताना आवाज चढतो.

गेल्या आठवड्यात वैशालीने बाबांना आणि मला शेडवर बोलावलं. मामाच्या हातून अर्धवट राहिलेला पट्टा तिने वेल्डरच्या मदतीने पुरा केला होता आणि हमरस्त्यालगतच्या एका नव्या गोदामाचा माणूस तो न्यायला येणार होता. मामाशिवाय ती एकटीने विकणार असलेलं हे पहिलंच यंत्र. ते गेलं तर शेड तिच्याच्याने चालेल असं लोक म्हणतील, नाहीतर बापामागे पोरीने कुलूप लावलं असं म्हणतील, हे ती मला बोलून दाखवत होती. माणूस आला, सोबत मोठा टेंपो. त्याने पट्टा चालवून बघितला, टोक वरखाली करून बघितलं, अगदी खूश झाला. "फारच छान मशीन आहे. आमच्याकडे अठरा हमाल आहेत, आता सहांत काम होईल," असं तो कौतुकानेच म्हणाला. वैशाली अटीचा कागद काढत होती, तिचा हात थांबला. अटीचं अजून बोलणंच झालं नव्हतं. ती कागदाची नुसती घडी घालत आणि उलगडत राहिली. मला तिची परिस्थिती माहीत होती, म्हणून मीही गप्प राहिले... याची मला लाज वाटते.

बाबा बाकावरून उठले. "मग ह्ये तुमाला मिळायचं नाय," म्हणाले.

त्या माणसाने विचारलं, "आपण कोण?"

"मी हमाल," बाबा म्हणाले. "ह्यो पट्टा कसा करायचा ते मी आन् बाळारामनी मिळून ठरवलं हाय. अठराच्या अठरा ठेवा, तसं लिहून द्या, आन् घेऊन जावा."

तो वैशालीकडे वळला. हे म्हातारबुवा काय म्हणतात, असं त्याच्या तोंडावर होतं. वैशाली म्हणाली, "काका म्हणतात तेच. पप्पांची अट आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "माझीपण."

टेंपो रिकामा परत गेला. बाबांनी वैशालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिघं मिळून आम्ही पट्टा ढकलत शेडच्या दाराशी, रस्त्यावरून दिसेल असा आणून लावला. तो आजही तिथेच उभा आहे. ज्याला अट मान्य असेल त्याने साजगावला यावं आणि घेऊन जावं.