नारूचा लेप आणि बारवेचं पाणी

पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीत समोरच्या गृहस्थांनी मामींच्या पायाकडे एकदा पाहिलं, वळकटी उचलली आणि ते थेट दाराशी जाऊन उभे राहिले. जाताना हलक्या आवाजात मला विचारून गेले, "प्लेग तर नाही ना हो?"

"नारू आहे, पायातून निघणारा जंत," मी म्हणालो. "शिवल्यानं होत नाही." त्यांनी मान हलवली, पण दौंड येईपर्यंत ते दारातच उभे होते. मला त्यांचा राग आला नाही. मी नगरपालिकेत दुधातलं पाणी आणि तुपातली चरबी शोधण्याचं काम करतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या बायकोच्या, इंदूच्या बाळंतपणासाठी त्या काष्टीजवळच्या आपल्या वाडीहून पुण्याला आल्या होत्या. बाळ सुखरूप झालं आणि मामींचा उजवा घोटा सुजू लागला. बघता बघता तो तांब्याएवढा झाला, ताप भरला, पाय टेकवेना. डॉक्टरांनी इस्पितळात ठेवायला सांगितलं. पू झाला तर चिरावं लागेल म्हणाले. मामींनी ऐकलं नाही.

"आमच्या काष्टीच्या बाजारात अत्तार हाय. त्येचा लेप लावला का सूज उतरती. गेल्या साली बी उतरल्ती."

बाळंतिणीला घर सोडता येत नव्हतं, म्हणून मी निघालो. निघताना इंदूनं मला बजावलं, "लेपानं उतार पडला नाही, तर आईला उचलून परत आणा. तिचं ऐकू नका."

युद्धाचे दिवस होते. दौंडला फलाटभर लष्कराच्या पेट्या. मनमाडच्या गाडीत मामींना कसंबसं बसवताना माझा फिरकीचा तांब्या खाली पडला आणि पुण्याहून उकळून आणलेलं सगळं पाणी फलाटावर सांडलं. भीमेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा नदीत जेमतेम डबकी उरलेली दिसली. तहान लागली होती, पण वाटेत कुणाचंही पाणी घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. काष्टीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा जीभ टाळूला चिकटत होती.

बाजाराचाच दिवस होता. बैलांच्या रांगा ओलांडून आमचा छकडा एका लिंबाखाली थांबला. तिथे बाबूभाई अत्तार बसले होते. पुढ्यात कुंकू, हळद, काजळाच्या डब्या, अत्तराच्या चिमुकल्या कुप्या आणि मागे वाळक्या मुळ्यांची पोती. पांढरी दाढी, डोक्याला मळकट रुमाल. मामींचा पाय त्यांनी हात न लावता बराच वेळ न्याहाळला.

"नारूच हाय, ताई. अजून तोंड काढलं न्हाई. निर्गुडीचा पाला ठेचून एरंडेलात गरम करा अन् बांधा. वर ही पुडी भुरभुरा."

मी पुडी उचलून घेतली. "यात काय आहे?"

"औषिद."

"ते कळलं. पण कशाचं?"

बाबूभाईंनी माझ्या कोटाकडे पाहिलं. "सायेब काय करत्यात?"

"सरकारी हायेत," मामी अभिमानानं म्हणाल्या. "भेसळ धरत्यात."

झालं! शेजारच्या ज्वारीवाल्यानं पोत्यावर घोंगडी ओढली. पलीकडचा तेली तेलाच्या डब्यासह उठून गेला. धान्याच्या लेव्हीनं (सरकारला सक्तीनं द्यायच्या धान्यानं) लोक आधीच धास्तावलेले होते. बाबूभाईंनी शांतपणे पुडी माझ्या हातून परत घेतली आणि मामींच्या हातात दिली.

"मंग तर मुळीच सांगनार न्हाई."

अफू असेल, असं मला वाटलं. अफूनं दुखणं दबतं आणि आत पू वाढत राहतो. मी म्हणालो, "आधी नुसता पाला बांधू. उतार पडला तर पुडी."

"बांधा की," बाबूभाई म्हणाले. "पाला बांधावर उगवतो, त्यात मी काय लपवनार?"

वाडी म्हणजे बाभळी, तरवड आणि काळ्या रानात पसरलेली पंधरा-वीस घरं. ओढ्याच्या काठी निर्गुडी दाट होती. मी स्वतः पाला तोडला, स्वतः ठेचला. त्याचा उग्र वास हाताला चिकटला तो साबणानंही जाईना. वास आहे म्हणजे पाल्यात तेल आहे, जिभेला कडू लागतं म्हणजे आणखी काही द्रव्य आहे. त्यातलं सुजेवर नेमकं काय चालतं हे प्रयोगशाळेशिवाय मला सांगता येणार नव्हतं. म्हणून मी साधी युक्ती केली. मामींच्या घोट्याभोवती बेताचा दोरा बांधून गाठ मारली.

"ह्यो कसला गंडा?" मामींनी विचारलं.

"तुमच्या अत्ताराची परीक्षा."

जेवायला हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि भाकरी होती. पाणी मी धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं. मामी गालात हसल्या. "बारवेचं पानी हाय, जावईबापू. गोड हाय."

दुसऱ्या दिवशी दोरा सैल झाला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो घोट्यावरून खाली घसरला. मामींचा ताप उतरला, झोप लागली. मग मी पुडी उघडली. हिंगाचा वास आला, चिमूटभर जिभेवर ठेवली तर मागून एक अनोळखी कडवटपणा उरला. अफू नव्हती एवढं नक्की. पुडीही लावली. घोट्यावर फोड आला, बारीकसं छिद्र पडलं आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावू लागलं. आता ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. पाल्यावर घेतलेला संशय मला मागे घ्यावा लागला. इंदूला चांगली बातमी नेता येईल, म्हणून मी खुशीत होतो.

सकाळी उठलो तर मामी अंथरुणात नव्हत्या.

बारव वाडीच्या टोकाला आहे. दगडी पायऱ्या उतरत थेट पाण्यात गेल्या आहेत. मामी सर्वांत खालच्या पायरीवर पोटरीपर्यंत पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. शेजारी आणखी एक म्हातारी तशीच. मामींच्या पायाभोवती दुधासारखा धुरकट पांढरा पट्टा हळूहळू पसरत होता. आणि हातभर अंतरावर हौसा नावाची त्यांची शेजारीण पाण्यात घागर बुडवत होती.

"मामी, पाय वर घ्या! आधी वर घ्या!" मी ओरडलो.

"आवो, अत्तारानंच सांगितलंय. पाय गार पान्यात सोडला का आग थांबती, नारू भायेर येतो."

"येतो, आणि पाण्यात पिल्लं सोडतो. ती पांढरी धार बघा. पाण्यातले बारके किडे त्या पिल्लांना खातात आणि ते किडे आपण पितो. साल उलटलं की ज्यानं पाणी प्यालं त्याच्या पायातून नारू निघतो."

हौसानं घागर कमरेला लावली. "म्हंजी आमी इख पितो म्हना की!"

"पुन्याला नळ असत्यात," दुसरी म्हातारी म्हणाली. "आमाला हीच एक बारव. ही बंद कराया धाडलंय व्हय तुमाला? आधी धान्य न्हेलं, आता पानी न्या."

मी समजावू लागलो तसतशा त्यांच्या नजरा जास्तच कठोर होत गेल्या. मामींनी मात्र पाय वर घेतला होता.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या साली बी मी हितंच पाय सोडल्ता. ते पानी प्यालं त्येला साल उलटल्यावर नारू व्हतो म्हनता?"

"साधारण तेवढाच काळ लागतो."

"गेल्या आखितीला इंदू आल्ती माह्यारी." त्यांनी हौसाच्या घागरीकडे पाहिलं. "मी माज्या हातानं रांजन भरून ठिवला हुता."

अत्ताराची पुडी जिभेवर ठेवून पाहिली, रांजणाचं पाणी फडक्यातून गाळलं, पण इंदू हे पाणी महिनाभर पीत होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसलो.

मामींनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि एकेक पायरी चढत त्या वर आल्या. सर्वांत वरच्या पायरीवर बसल्या. "हौसे, पानी गाळल्याबिगर पिऊ नगंस. अन् गंगू, तुज्या पायाला काय झालंय? दाव." नुकतीच घागर घेऊन आलेली गंगू नावाची मुलगी पाय झाकून घेऊ लागली. "दाव म्हनते ना! फोड आसंल तर खाली उतरायचं न्हाई. घागर हितं ठिव, हौसा भरून आनंल."

"आगं, येड लागलं का तुला?" म्हातारी करवादली.

"लागू दे. माजी लेक हाय त्येच्यात."

मी निघालो त्या सकाळी मामी पाय बादलीत सोडून त्याच पायरीवर बसलेल्या होत्या आणि येणारी प्रत्येक बाई आधी लुगडं वर करून पाय दाखवत होती, कुणी हसून, कुणी शिव्या देत. बादलीतलं पाणी मामी बारवेपासून लांब, उन्हात तापलेल्या मुरमावर ओतायला लावत.

काष्टीला बाबूभाईंना मी सारं सांगितलं. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले.

"माज्या लेपात खोट काडता?"

"लेपात नाही, बाबूभाई. लेप चांगला आहे. पाय तेवढा बारवेत नको."

"आजाच्या वक्तापासनं असंच सांगत आलोय." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "बादलीत नारू तोंड काढील?"

"मामींच्या पायातून बादलीतच निघतोय."

"मंग बादली सांगू. पर तुमी चुकला असला, तर बाया मलाच बोलतील."

"आणि पुडीत काय असतं?"

"ते न्हाई सांगनार," बाबूभाई म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

घरी पोचलो तेव्हा इंदू बाळाला शेक देत बसली होती. "आईचा पाय कसा आहे?"

"सूज उतरली. आता तुझा दाखव."

ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिनं पाय पुढे केला. त्या दिवशी काहीच नव्हतं. ज्येष्ठात डाव्या टाचेजवळ गाठ आली, आग होऊ लागली. मी मुळेकाठच्या बांधावरून निर्गुडी आणली, ठेचली, एरंडेलात गरम करून बांधली. सूज हळूहळू ओसरली, दोरा काडीवर गुंडाळला गेला आणि बादलीतलं पाणी मी रोज नळापासून दूर, रस्त्याच्या तापलेल्या फुफाट्यात नेऊन ओतलं. दुखणाऱ्या पायाला पाला शांत करतो, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकतो. नारू कुठून आला आणि पुढे कुणाकडे जाणार, हे पाल्याला माहीत नसतं. ते विचारायला वाडीत आता मामी आहेत.