बाबांच्या कंबरेचा रविवार

रविवारी सकाळी आमच्या क्वार्टरचं दार कोणी वाजवलं, तर आई खिडकीतूनच सांगायची, "थोड्या वेळानं या, त्यायच्या कंबरेचं मेन्टेनन्स चालू आहे." नवा माणूस चक्रावून जायचा. जुन्यांना सवय होती.

बाबा स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मेन्टेनन्सला होते. भिलाईत तेव्हा घरोघरी प्लांटचीच भाषा चालायची, आमच्याकडे ती जरा जास्तच चालायची. कुकरची शिट्टी बिघडली की ब्रेकडाऊन, आई माहेरी वर्ध्याला गेली की शटडाऊन. बाबांचा लाडका सिद्धांत तर आम्हा बहिणींना तोंडपाठ होता. "मशीन बंद पडल्यावर पाना घेऊन धावते, तो मेन्टेनन्सवाला नोहे, तो फायर ब्रिगेडवाला. मशीन चांगली चालून राहिली, तवाच तिच्याकडं पाहा लागते."

या सिद्धांताची परीक्षा घेतली ती त्यांच्या स्वतःच्या कंबरेनं. वर्षातून दोन-तीनदा तिच्यात उसण भरायची. मोजे घालायला वाकलेले बाबा तसेच अडकून बसायचे. मग आम्ही तिघी बहिणी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून, कपाट सरकवावं तसं पलंगापर्यंत सरकवत न्यायचो. "हसू नका गं!" म्हणून ओरडायचे आणि स्वतःच हसायला लागायचे, आणि हसलं की आणखी कळ यायची.

म्हणून रविवार. कंबर दुखत असो की नसो. नसेल तर आवर्जून. आई तेलात लसूण आणि ओवा तडतडवायची, पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, बाबा पालथे झोपायचे आणि हाक यायची, "आमची पायाळू कुठी गेली?"

पायाळू म्हणजे मी. पायांकडून जन्मलेलं मूल. अशा मुलाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी डोक्याकडून आलेल्या, त्यामुळे त्यांना या खात्यात जागा नव्हती. त्यांनी तेलाची वाटी धरायची. मी भिंतीला हात टेकून बाबांच्या पाठीवर चढायचे, कंबरेपासून खांद्यांपर्यंत जायचे, परत यायचे, आणि उतरल्यावर उजव्या पायानं हलकीशी लाथ मारायचे. लगेच त्यांच्या पायाही पडायचे, कारण वडीलधाऱ्या माणसाला पाय लावला होता ना!

ही ख्याती सेक्टरभर पसरली होती. समोरच्या क्वार्टरमधल्या चाची कंबरेवर हात ठेवून फाटकापाशी उभ्या राहायच्या, "बिटिया, ज़रा एक लात तो मार दे." मी दप्तर खाली ठेवायचे, लाथ मारायचे, पाया पडायचे आणि शाळेत जायचे. खरी गंमत नागपूरचे मामा आले की व्हायची. आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो. तेव्हा मामा आधी माझ्या पाया पडायचे, मग सतरंजीवर पालथे व्हायचे, मी लाथ मारून त्यांच्या पाया पडायचे, आणि "अवो, भाचीनं पडू नये!" म्हणत ते पुन्हा माझ्या पायांकडे वाकायचे. आई चहा घेऊन मध्ये उभी राहिली की हे थांबायचं. मी अर्थात भयंकर शेफारले होते.

मी आठवीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर बाबा मिलमध्येच अडकले. एक कपलिंग बघायला वाकले आणि उठेनात. त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढावं लागलं. याआधीही दोनदा असं झालेलं होतं, म्हणून साहेबांनी त्यांचं प्रकरण मेडिकल बोर्डाकडे पाठवलं. बोर्डानं अनफिट म्हटलं की लाईट जॉब मिळायचा, म्हणजे मिल सोडून हजेरी मांडायच्या टाइम ऑफिसातली खुर्ची. कोणी दुसरा असता तर सुटलो म्हणाला असता. बाबा मात्र नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग कुरकुर करतंय ते सांगणारे. घरी पडल्या पडल्या ते आईला म्हणाले, "टाइम ऑफिसात मले काय ऐकू येईन? पंखा?" एवढं बोलून हसले नाहीत. बाबा स्वतःच्या विनोदावर हसले नाहीत, हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि घाबरले.

बोर्डाची तारीख थंडी संपता संपता होती. तोवर त्यांना हॉस्पिटलात फिजिओथेरपीला जायला सांगितलं होतं. तिथल्या बाई केरळच्या, बारीक आणि कडक. घरी काय उपाय करता म्हणून त्यांनी विचारलं, तर बाबांनी अभिमानानं रविवारचा सगळा कार्यक्रम सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या वर्षी मी चांगलीच उंच आणि दणकट झाले होते. "ये लड़की? पीठ पर?" आणि मग बाबांना असं काही झापलं की बाहेर बसलेले पेशंट सरळ बसले. चढणं त्या दिवसापासून बंद. त्याऐवजी रोजचा व्यायाम दिला: उताणं झोपून, गुडघे उभे करून कंबर वर उचलायची आणि धरून ठेवायची. खालचं काही उचलायचं तर कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं आणि पाठ सरळ ठेवून उठायचं. आणि दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवायचा नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून बाबा बाईंवर खूष झाले. "हे खरी मेन्टेनन्सवाली!" असं वाटेत स्कूटरवर मला दोनदा सांगितलं. रविवारचं काम रोजचं झालं. कामावर जायचं नसलं तरी फर्स्ट शिफ्टच्या भोंग्याआधी सतरंजी पडायची. माझ्याकडे आता एवढंच उरलं होतं, की व्यायाम झाल्यावर उजव्या पायाचा अंगठा त्यांच्या कंबरेला टेकवायचा. "इन्स्पेक्शन झालं, आता सही कर," बाबा म्हणायचे. हळूहळू बाबा बुटांच्या नाड्या स्वतः बांधायला लागले. हे माझ्या अंगठ्यानं होतंय, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

आणि बोर्डाच्या आठवड्यातच मी जुनवानी गावाच्या बाजूला बोरं तोडायला गेले आणि सायकलसकट नाल्यात पडले. मोडलं काय, तर उजव्या पायाचा अंगठा! हॉस्पिटलात त्यांनी पाऊल बोटांसकट प्लास्टरमध्ये बंद करून टाकलं. मी भोकाड पसरलं ते दुखतंय म्हणून नव्हे, पण तसं समजून आईनं मला गूळ-शेंगदाणे दिले.

बोर्डाच्या दिवशीच माझं प्लास्टर दाखवायचं होतं, म्हणून बाबा मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. माझं काम लवकर आटोपलं. मग आम्ही हॉस्पिटलातल्याच बोर्डाच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते सारखे गुडघ्यांवर हात घासत होते. शेवटी मला राहवेना.

"बाबा, डाव्या पायानं चालन का?"

"काय चालन?"

"लाथ. उजवा तर बंद आहे ना." आणि मला रडूच फुटलं. "माझ्यामुळं तुमाले टाइम ऑफिसात बसा लागन."

बाबा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "ऐक माय. तू पायाळू नाहीस."

"म्हंजे?"

"डोक्याकडूनच आली तू. बहिणीयसारखीच."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं, कारण मला राग आला. "मग सगळ्या सेक्टरले लाथा कावून मारायला लावल्या?" मी इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारच्या बाकावरचे लोक वळले.

"त्यायले बरं वाटे ना?" बाबा म्हणाले. मग त्या लोकांकडे पाठ करून बोलले, "तुही आजी गावाहून आली होती, नातू पाहायले. तिसरीबी पोरगीच म्हटल्यावर तिनं वॉर्डाबाहेरच पिशवी भराले घेतली. संध्याकाळच्या गाडीनं चालली म्हणे. मले काही सुचेना. मी तुले अजून पाह्यलंबी नव्हतं. म्हटलं, आई, पोरगी पायाळू होय, लाखात एखादी असते. आता बुढीची कंबर जनमभराची दुखणारी. तिनं पिशवी खाली ठेवली अन् तुले मांडीवर घेतलं. मंग मले खोटं परत घेताच नाही आलं."

"आईले माहीत आहे?"

"तुही माय तवापासून माह्यावर हसून राहिली."

मी प्लास्टरकडे बघत बसले. एका वाक्यात मी सेक्टरातल्या इतर मुलींसारखी साधी मुलगी होऊन गेले होते, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. पण तोंडही न पाहिलेल्या मुलीसाठी हा माणूस आपल्या आईशी खोटं बोलला होता. त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मला राग धरून ठेवता येईना. "पण मग तुमची कंबर?" मी विचारलं.

"ते बाईच्या व्यायामानं. रोज केला आहे, पाहू आता."

तेवढ्यात आतून त्यांना हाक आली आणि ते गेले. दार बंद झालं. अंगठा नाही, लाथ नाही; आत बाबांची नुसती कंबर होती आणि तिनं सकाळ-सकाळ केलेले कष्ट. मी आयुष्यात इतकी मनापासून कशाची वाट पाहिली नव्हती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मला वाटायचं, पडलेच.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. "वाकाले लावलं. उठाले लावलं. वजन उचलाले लावलं."

"मग?"

"फिट. सोमवारी मिल!" आणि आता ते हसले, सगळा व्हरांडा ऐकेल असे.

व्हरांड्याच्या टोकाला पायऱ्या होत्या. मी कठडा धरून लंगडत उतरणार, तेवढ्यात बाबा माझ्यासमोर पाठ करून बसले. गुडघ्यात, पाठ सरळ ठेवून. "चढ."

"बाबा, कंबर! अन् मी जड आहे."

"कंबरेचं बोर्डानं पाह्यलं. तू चढ."

मी त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि ते मला पाठकुळी घेऊन उठले. वाटेत प्लांटमधले ओळखीचे भेटत होते, पोरीला काय झालं म्हणून विचारत होते. बाबा प्रत्येकाला अंगठ्याचं सांगायचे, आणि मग कोणी विचारलेलं नसताना पुढे जोडायचे, "तीसरी बेटी है मेरी. तीसरी."